दोनशे चौदा नंबरची कांडी

५ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर थांब. आधी कामाचं वाच, मग खुशाल फाड.

पत्ता मिशाळने दिला. मला तू फोनमधून काढून टाकलंस, पण करवतीवरच्या त्या म्हाताऱ्याला दरवर्षी कार्ड पाठवतेस, हे मला आत्ता कळलं. राग नाही आला. थोडा आला.

काम असं आहे. संस्थेतली थंड खोली अर्धी रिकामी करायची आहे. नवी माणसं नवा बर्फ आणणार, त्यांना मांडण्या पाहिजेत. ज्या कांड्यांचं काम संपलं असं कागदावर लिहिलंय, त्यांच्या राखीव फाका काढायच्या, सिंकमध्ये ठेवायच्या आणि वितळू द्यायच्या. महिनाअखेरपर्यंत. हुकूम मला आहे, कारण तिथे अजून मीच आहे. तू मला चिकटवून दिलंस, तू गेलीस आणि मी राहिले. यादीत तुझी कांडी आहे. सगळे नंबर घातलेले तुकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुझे भावजी म्हणाले, बर्फच ना, वितळला तर वितळला. मग मी त्यांना तुझंच जुनं व्याख्यान ऐकवलं. हा फ्रिजातला बर्फ नव्हे. ध्रुवावर वर्षावर वर्ष साठत, दबत गेलेला आहे. त्यात भोक पाडून दंडाएवढ्या जाड कांड्या वर काढतात. कांडी करवतीवर उभी चिरतात, एक फाक तपासायला वितळवतात, दुसरी राखून ठेवतात. वरचं ते नवं, खालचं ते जुनं. कुठे डोंगर फुटला की त्याची राख आणि त्याचा आंबट धूर वाऱ्याबरोबर तिथवर जातो आणि त्या वर्षीच्या बर्फात गाडला जातो. हजार वर्षांपूर्वी कोणता डोंगर फुटला आणि कोणाच्या धुराने उन्हाळे गेले, ते कुठे लिहिलेलं नसलं तरी कांडीत सापडतं. भावजी सगळं ऐकून म्हणाले, म्हणजे पृथ्वीच्या आजारपणाची फाइल. जन्मभर दवाखान्यात फायली वाहिल्या त्यांनी, त्यांना दुसरं काय सुचणार. पण बरोबर बोलले.

तर ती फाइल मी सिंकमध्ये ओतणार आहे. तुला नको असेल तर संस्थेच्या नव्या प्रमुखबाईंना लिही. एक ओळ पुरे. तुझ्या लेखाचं व्हायचं ते झालं, पण कांडी तू स्वतः दोन महिने तंबूत राहून आणलीस, म्हणून कळवलं. बाकी काही नाही.

अक्का


१२ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. बरं.

मी दुसऱ्यांच्या कांड्यांपासून सुरुवात केली आहे. रोज वीस. थंड खोलीतून ट्रॉली बाहेर काढायची, पिशव्या फाडायच्या, फाका सिंकमध्ये उभ्या करायच्या. पाणी लागलं की बर्फ चटचट वाजतो. आतली जुनी हवा सुटते म्हणून वाजतो, हे तूच सांगितलं होतंस. पहिल्या दिवशी ऐकायला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज येणार नाही.

मिशाळ येऊन दारात उभा राहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. खोलीतून बाहेर आला की अजूनही मिशांना बर्फ लागलेला असतो, आणि अजूनही तो पुसत नाही, कारण कोणीतरी हसावं अशी त्याची इच्छा असते. परवा म्हणाला, सगळं आयुष्य हे कापण्यात गेलं आणि तू आठवड्यात पाणी केलंस. मी म्हटलं, मग तू ठेव घरी, बायकोला सांग कपाट रिकामं कर. तो हसला. मग म्हणाला, बारकीच्या कांडीचा नंबर कधी? मी म्हटलं, शेवटी.

तुला एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात सांगायचं होतं, राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

तुझी दोनशे चौदा नंबरची कांडी करवतीवर जायच्या आधी मोडली होती. मी उचलली आणि ती आपली आपण मोडली, तीन तुकडे. असं होतं, खोलातल्या बर्फाला आतून ताण असतो, तूच म्हणायचीस. नियम मला ठाऊक होता. मोडली तर हात लावायचा नाही, कोणाला तरी बोलवायचं, नोंदवहीत तारीख, वेळ, किती तुकडे ते लिहायचं. मी लिहिलं नाही. त्या महिन्यात माझ्या नावावर आधीच दोन नोंदी होत्या. तिसरी झाली असती तर मला खोलीतून काढून जिने पुसायला लावलं असतं.

एवढंच. मोडलेल्या कांड्या रोजच येतात, मिशाळ मोडलेल्याही कापतो, त्याने काही बिघडत नाही, असं तेव्हा वाटलं.

अक्का


१९ फेब्रुवारी

आपली आपण मोडली नव्हती.

हे एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला, म्हणून वर तुझं नावसुद्धा घातलं नाही. भावजी सारखे येऊन डोकावतात. आज म्हणाले, पत्र लिहितेस की पंचनामा? मी म्हटलं, तुम्ही चहा करा.

मी पाडली. पिशवीच्या तोंडाची क्लिप अडकली होती, जाड मोज्यात बोटं वळत नव्हती, थंडीत सलग थांबायची माझी वीस मिनिटं भरत आली होती आणि बाहेर जाऊन परत अंगावर ते सगळं चढवायचा कंटाळा आला होता. तू मला कायम म्हणायचीस, अक्का, तुला लाल सिग्नलचासुद्धा राग येतो. तसंच. मी मोजा काढला, क्लिप ओढली आणि कांडी ट्रॉलीवरून घसरून फरशीवर पडली. वरचा तुकडा पिशवीत राहिला. खालचा दाराकडे गेला. मधला, वीतभर असेल नसेल, मांडणीखाली गेला.

मी तो उघड्या हाताने काढला. तळव्याला चिकटला, कातडं घेऊन सुटला. नवी पिशवी घेतली, तिन्ही तुकडे भरले, नंबर लिहिला, बाण काढला. ज्या बाजूला बाणाचं टोक ती वरची बाजू. बाण पिशवीवर असतो, बर्फावर नसतो, हे तुम्ही शिकलेल्या माणसांनी कसं चालवून घेतलंत देव जाणे. चुरा झाडला. जुनी पिशवी खिशात कोंबली. कांडी ट्रेमध्ये ठेवून करवतीकडे पाठवली.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही.

तीन महिन्यांनी तू माझ्याकडे आलीस. कपडे बदलायच्या खोलीत, मी बूट काढत होते. तू माझ्यासमोर बाकावर बसलीस आणि कागदावरची एक रेघ दाखवलीस. म्हणालीस, अक्का, हे बघ, डोंगर फुटला की आंबट एकदम चढतं आणि मग दोन-तीन वर्षांत हळूहळू उतरतं, कारण धूर एका दमात येतो आणि सावकाश खाली बसतो. दोनशे चौदामध्ये ते हळूहळू चढलंय आणि एकदम उतरलंय. आणि राखेची रेघ मला वाटलं होतं त्याच्या विरुद्ध बाजूला निघाली. मला वाटत होतं राखेचा डोंगर आधी, आंबट मागून. इथे उलट दिसतंय.

मग तू विचारलंस, "त्या दिवशी कांडीला काही झालं होतं का? पडली, मोडली, काही? रागावणार नाही."

मी बुटाची लेस सोडत होते. मी म्हटलं, "नाही."

तू कागदाची घडी घातलीस. म्हणालीस, तू म्हणतेस ना, मग झालं. उठून गेलीस.

तू हेच दुसऱ्या कोणाला विचारलं असतंस तर नोंदवही मागितली असतीस, पिशवी तपासली असतीस. मला विचारलंस म्हणून काही तपासलं नाहीस. चौथी झाल्यावर शाळा सोडून मी तुझ्या वेण्या घातल्या, तुझे डबे भरले, आई नव्हती तर आईच्या जागी राहिले. अक्का खोटं बोलेल हे तुझ्या हिशेबातच नव्हतं. तू कांडीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास आणि लिहून टाकलंस की आंबट आधी, राख नऊ वर्षांनी. म्हणजे त्या काळात लागोपाठ आलेले ते तीन थंड उन्हाळे त्या राखेच्या डोंगराने आणलेच नाहीत, दुसऱ्याने आणले. तुझं नाव झालं. तू मला मिठी मारलीस, सगळ्यांसमोर. मी लाकडासारखी उभी होते, ते तुला थंडीमुळे वाटलं.

अक्का


२४ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या राखीव फाका अजून शाबूत आहेत. बाकी सगळ्यांच्या वाहून गेल्या. तुझ्या मी मागच्या मांडणीवर, रिकाम्या खोक्यांच्या आड सरकवल्या आहेत. परवा मोजणी आहे. प्रमुखबाई स्वतः यादी घेऊन येणार.

तू पत्र वाचतेस की नाही हे मला माहीत नाही. परत आलं नाही एवढं खरं. तेव्हा चौकशीचंही लिहिते.

दुसऱ्या संस्थेच्या लोकांनी त्यांच्या कांडीत बघितलं, त्यांना राख आधी मिळाली. तिसऱ्यांनाही राख आधी. मग तुझ्याकडे बोटं वळली. कोणी म्हणालं चूक, कोणी म्हणालं मुद्दाम. जे मुद्दाम म्हणत होते, ते तुझ्याच टेबलावर बसून तुझाच केक खाऊन गेले होते. समिती बसली. मिशाळला बोलावलं, त्याने सांगितलं की मी आली तशी कापली. मग मला बोलावलं.

लांब टेबल होतं. पाचजण. पाणी समोर ठेवलं होतं, ते मी प्यायले नाही. त्यांनी विचारलं, कांडीला काही झालं होतं का. मी म्हटलं, नोंदवहीत नाही म्हणजे नाही. त्यांनी विचारलं, मग तुमच्या मते फाका उलटसुलट कुठे झाल्या असतील. मला एवढंच म्हणायचं होतं की मला माहीत नाही. माहीत नाही म्हणणं काय अवघड होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "ती घाई करते. लहानपणापासून."

त्यांनी लिहून घेतलं. एक बाई मान हलवत होती, जसं काय मी फार मोठं खरं बोलले. सख्ख्या बहिणीने सांगितलं म्हणजे झालंच.

तू घाईची नव्हतीस कधी. तू जेवताना भाताची शितं मोजणारी पोरगी होतीस. घाईची मी.

अहवालात ते वाक्य जसंच्या तसं छापलं. ते घेऊन तू घरी आलीस. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तू दारात उभी राहून ते वाक्य वाचून दाखवलंस आणि विचारलंस, हे तू म्हणालीस? मी हो म्हणाले आणि वर तुलाच झाडलं. म्हटलं, तुझ्यापायी आम्हाला संस्थेत मान वर करून चालता येत नाही. म्हटलं, एवढं शिकून काय उपयोग. भांडं आपटलं. मला वाटत होतं तू भांडशील, तर मग भांडणाच्या भरात सगळं बाहेर पडेल. तू भांडली नाहीस. कागद नीट घडी करून पिशवीत ठेवलास, भावजींना येते म्हणालीस आणि गेलीस. सहा वर्षं झाली.

आता फाकांचं. काल मी दोनशे चौदाची राखीव फाक काढून बघितली. वरच्या आणि मधल्या तुकड्याची मोडलेली तोंडं एकमेकांत बसत नाहीत. मधला तुकडा उलटा धरला तर एका कडेला बसतात. म्हणजे मी तो उलटा भरला. तुझा सगळा घोळ तिथे आहे. ही फाक सिंकमध्ये गेली की जगात कोणालाही हे कळायचं नाही.

मी तिथे उभी होते. ट्रॉली बाजूलाच होती. आत कोणी नव्हतं. मी फाक परत पिशवीत घातली आणि बाहेर आले, पण लगेच नाही आले. हे तुला माहीत असावं.

अक्का


२७ फेब्रुवारी

बारके,

सांगितलं.

मोजणीला प्रमुखबाई आल्या, सोबत मिशाळ. तू गेल्यावर या आल्या, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. काटकुळ्या आहेत, आत आल्या की जॅकेटच बोलतंय असं वाटतं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ही एक अजून का आहे? मी म्हटलं, कारण ही माझ्या बहिणीची आहे आणि दोनशे चौदा मी मोडलेली आहे.

त्यांनी ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं होतं त्या ओरडतील, म्हणजे मलाही ओरडता येईल. त्या म्हणाल्या, टेबलावर घ्या.

थंड टेबलावर तीन फाका मांडल्या. मधली उलटवली. पहिल्यांदा बसेना. वाटलं आता मी हे मनातलं रचलं म्हणतील. मिशाळ म्हणाला, सरक, असं नाही, कांडी गोल असते, थोडी फिरवून बघ. त्याने दोन बोटांनी फिरवली. पूर्ण नाही, पण तिसरा हिस्सा दातात दात बसावा तसा बसला. बाकीचा हिस्सा तू वितळवलेल्या फाकेबरोबर गेला. मग त्यांनी आंबटपणा मोजायचं ते दोन टोकांचं यंत्र बर्फावरून ओढलं. पडद्यावर रेघ आली. आधी दोन्ही सांध्यांपाशी तुटत होती, आता सरळ जुळली. आंबट एकदम चढलं आणि हळूहळू उतरलं. राखेची करडी रेघ त्याच्या खाली. म्हणजे आधीची.

तुला जे आधीपासून वाटत होतं तेच.

मिशाळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, तुझी चूक नाही. तो म्हणाला, "तोंडं बघायला हवी होती मी. इतकी वर्षं करवत चालवतोय." मग म्हणाला, तिच्या कार्डाला दरवर्षी उत्तर लिहितो, तब्येत बरी आहे. लिहायला दुसरं काही सुचायचं नाही. त्याच्या मिशांवर बर्फ होता आणि त्या दिवशी त्याने तो पुसला.

बाहेर आल्यावर प्रमुखबाईंनी विचारलं, तुकडा उलटा आहे हे तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, आत्ता, फाका काढताना. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. त्यांनी सांगितलं की दुरुस्तीचा लेख निघाला पाहिजे, पण तो तुझ्याशिवाय निघणार नाही. कांडी तुझी, आकडे तुझे, आणि नावही तुझंच पहिलं लागेल. संस्था तुला पत्र पाठवते आहे. मला उद्यापासून यायचं नाही. त्या हे सगळं एकाच आवाजात बोलल्या, त्यामुळे मला बरं वाटलं.

लॉकर रिकामा केला. आत दोन जोड मोजे, एक टोपी, आणि तुझं जुनं हातरुमालाचं पाकीट निघालं. एवढ्या वर्षांत एवढंच. भावजी मला घ्यायला आले होते. घरी आल्यावर म्हणाले, मला तरी सांगायचंस. मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला सांगितलं असतं. ते म्हणाले, हो. मग चहा केला त्यांनी, माझ्यापुढे ठेवला, स्वतः बाहेर जाऊन बसले.

तुझी फाक सुरक्षित आहे. तिच्या पिशवीवर प्रमुखबाईंनी लाल पट्टी लावली आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, पण तिकडे जा.

अक्का


११ मार्च

बारके,

तुझं पत्र मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये सात प्रश्न नंबर घालून. भावजी म्हणाले, काय लिहिलंय? मी म्हटलं, परीक्षा आहे.

दुरुस्तीच्या लेखात तुला प्रत्येक गोष्ट लिहावी लागणार, म्हणून विचारलं आहेस, हे मला कळतं. उगाच त्यात दुसरं काही शोधत नाही. क्रमाने उत्तरं देते. सातव्याचं उत्तर आज सकाळी आधी प्रमुखबाईंच्या टेबलावर सही करून ठेवून आले. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही, तर त्याला म्हटलं, मी कामाला नाही आले, काम बिघडवल्याचं सांगायला आलेय. मग सोडलं. तिथे आधी दिलं, म्हणजे तुला लिहिताना हात आखडता घेता येणार नाही.

एक. कांडी किती उंचीवरून पडली? ट्रॉलीवरून. माझ्या कमरेच्या थोडं खाली.

दोन. बर्फ पिशवीबाहेर किती वेळ होता? चार ते पाच मिनिटं. खोली उणे पंचवीस होती, काटा मी बघितला होता.

तीन. हातमोजे होते का? उजव्या हातात नव्हता. मधल्या तुकड्याला मी अंगठा आणि तीन बोटं लावली. एका टोकाला कातडं चिकटलं ते मी नखाने खरवडलं. तिथले आकडे तू धरू नकोस.

चार. चुरा किती आणि कुठल्या टोकाचा? मधल्या तुकड्याच्या खालच्या टोकाचा. मूठभरापेक्षा कमी. खालचा म्हणजे खरा खालचा, मी भरला तेव्हाचा नव्हे. झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकला.

पाच. वरचा आणि खालचा तुकडा सरळ होते का? हो. वरचा पिशवीतून निघालाच नव्हता. खालच्याच्या बुडाला ड्रिलची खूण होती, ती बघून मी तो ठेवला.

सहा. त्या दिवशी आणखी कुठल्या कांडीला असं झालं का? नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही. आधीच्या दोन नोंदी लेबल गळाल्याच्या होत्या. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मिशाळकडून सगळी तोंडं तपासून घे.

सात. तुकडा उलटा बसला आहे हे तुला केव्हा कळलं?

त्याच दिवशी.

मांडणीखालून काढला तेव्हा त्यात ती करडी रेघ दिसत होती, केसाएवढी, खालच्या टोकाजवळ. पिशवीत भरून ट्रे उचलला तेव्हा ती वरच्या टोकाजवळ होती. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी शिकलेली नाही, आंधळी नाही. ट्रे माझ्या हातात होता, करवतीची खोली दहा पावलांवर.

त्या दिवशी सकाळी संस्थेत तुझ्याकडे पाहुणे आले होते, तिघं. तू मला हात धरून पुढे ओढलंस आणि म्हणालीस, ही माझी अक्का, हिने शाळा सोडली म्हणून मी शिकले. तू मनापासून बोललीस. त्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. एकाने माझा हात हातात घेतला आणि किती मोठं मन म्हणाला. मला चौथीत गणितात पैकीच्या पैकी होते. ते कोणी विचारलं नाही, तुला तर माहीतच नाही. मला तिथे तुझी पायरी करून उभं केल्यासारखं वाटलं. ट्रे हातात धरून मला वाटलं, एकदा हिचं चुकू दे. एकदा हिला कोणीतरी बोलू दे. मला वाटलं, एखाद्या दिवसाचं होईल, पुन्हा कापावी लागेल, चिडचिड करशील. तुझं सगळं जाईल असं वाटलं नाही. पण कुठवर जाईल हे मी कोणाला विचारलंही नाही, आणि जात गेलं तेव्हा बघत बसले.

ट्रे मी मिशाळच्या पुढे ठेवला. त्याच्या चष्म्यावर दव धरलं होतं. करवत बंद होती. त्याने चष्मा काढला, खिशातून फडकं काढलं, एक काच पुसली, उजेडाकडे धरून बघितली, मग दुसरी पुसली. त्याचं सगळं निवांत. मी समोरच उभी होते. एवढ्या वेळात मला दहादा सांगता आलं असतं.